मंदीत विरोधी पक्ष सरकारला विचारतो तरी काय?

३१ ऑगस्ट २०२०च्या संध्याकाळी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने एक आकडा जाहीर केला. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत देशाचं उत्पादन आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांपेक्षा २३.९ टक्क्यांनी घटलं होतं. त्या रात्री सगळ्या वाहिन्यांवर एकच भांडण चाललं. एक बाजू म्हणत होती, सरकारने अर्थव्यवस्था बुडवली. दुसरी म्हणत होती, महामारीत दुसरं काय होणार, आणि अशा वेळी विरोधकांना राजकारण सुचतंच कसं. ऐकणाऱ्याच्या हाती शेवटी काहीच लागलं नाही, कारण प्रश्न नेमका काय होता आणि त्याला उत्तर मिळालं की नाही, हे कुणी सांगितलंच नाही.

विकासदराचा वाईट आकडा आला की हेच पुन्हा घडतं. म्हणून २०२०ची मंदी समोर ठेवून ही प्रश्नोत्तरं जरा उलगडून पाहू. मंदीच्या काळात सगळे हिशेब सरकारच्या ताब्यात असतात आणि झळ मात्र लोकांच्या वाट्याला येते. ते हिशेब अधिकृत नोंदीत आणण्याचं काम विरोधी बाकांवरच्या माणसाचं आहे, असं मला ठामपणे वाटतं. तो माणूस कुठल्या पक्षाचा आहे, याने त्यात काही फरक पडत नाही.

## आधी मंदी कशाला म्हणतात ते

देशात ठरावीक काळात जेवढ्या वस्तू आणि सेवा तयार झाल्या, त्यांची एकूण किंमत म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन, म्हणजेच जीडीपी. हा आकडा दर तीन महिन्यांनी निघतो. आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा तो किती टक्के वाढला किंवा घटला, हे आपल्याकडे सांगितलं जातं.

दर आठ टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला तर वेग कमी झाला, पण उत्पादन वाढतंच आहे. दर शून्याच्या खाली गेला तर उत्पादन मुळातच आकसलं. लागोपाठ दोन तिमाह्या असं आकुंचन झालं की त्याला तांत्रिक मंदी म्हणतात. आपण बोलताना दोन्हींना ‘मंदी’च म्हणतो आणि निम्मे वाद तिथेच सुरू होतात. २७ नोव्हेंबर २०१९ला राज्यसभेत अर्थव्यवस्थेवर चर्चा झाली. विरोधक मंदीबद्दल बोलत होते. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांचं उत्तर होतं की वाढीचा वेग कमी झाला असेल, पण ही मंदी नाही आणि कधी होणारही नाही. व्याख्येपुरतं त्यांचं म्हणणं बरोबर होतं, कारण दोनच दिवसांनी जाहीर झालेला तिमाही दर ४.५ टक्के होता, म्हणजे शून्याच्या बराच वर. विरोधकांचा रोख मात्र वेग का मंदावतोय यावर होता, आणि व्याख्या सांगून त्या प्रश्नाला उत्तर मिळत नव्हतं.

पुढच्या वर्षी महामारी आली, टाळेबंदी लागली आणि ‘कधीच नाही’ म्हटलेली गोष्ट घडली. जुलै ते सप्टेंबर २०२० या तिमाहीतही उत्पादन ७.५ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज आला. देश तांत्रिक मंदीत शिरला असल्याचं रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबरच्या मासिक पत्रिकेतच छापून आलं होतं.

पहिल्या, म्हणजे एप्रिल ते जूनच्या, तिमाहीचा आकडा फोडून पाहिला की झळ कुणाला लागली ते दिसतं. बांधकाम ५०.३ टक्क्यांनी घटलं, व्यापार, हॉटेलं आणि वाहतूक ४७ टक्क्यांनी, कारखानदारी ३९.३ टक्क्यांनी. शेती तेवढी ३.४ टक्क्यांनी वाढली. बिगारी, हॉटेलातला पोऱ्या, टेम्पोवाला, दुकानातला नोकर हे सगळे पहिल्या दोन गटांत येतात. महाराष्ट्राचं चित्र वेगळं नव्हतं. राज्याच्या मार्च २०२१च्या आर्थिक पाहणीत २०२०-२१ सालासाठी अंदाज होता उणे ८ टक्के. शेती आणि संलग्न क्षेत्रं ११.७ टक्के वर, उद्योग ११.३ टक्के खाली, सेवा ९ टक्के खाली.

## टक्के कसे वाचायचे

वर्षभराने, ऑगस्ट २०२१मध्ये, बातमी आली की पहिल्या तिमाहीत अर्थव्यवस्था २०.१ टक्क्यांनी वाढली. ऐकायला विक्रमी. पण आधी चोवीस टक्के पडलं आणि मग वीस टक्के चढलं, म्हणजे जवळजवळ बरोबरी झाली का? नाही. शंभराचे २४.४ टक्के गेले (आदल्या वर्षीचा आकडा सुधारून तोवर एवढा झाला होता), उरले ७५.६. या ७५.६वर २०.१ टक्के वाढ धरली तर होतात साधारण ९१. रुपयांत सांगायचं तर २०१९च्या त्या तिमाहीत उत्पादन ३५.६६ लाख कोटी होतं, २०२०मध्ये २६.९५ लाख कोटी आणि २०२१मध्ये ३२.३८ लाख कोटी. दोन वर्षांनंतरही आपण होतो त्या जागी पोचलो नव्हतो. पाया खाली गेला की त्यावरची टक्केवारी आपोआप मोठी दिसते, याला पायाभूत परिणाम म्हणतात.

इथे ‘२० टक्के वाढ झाली’ म्हणणारे मंत्री खोटं बोलत नाहीत. पण ‘२०१९च्या तुलनेत आपण कुठे आहोत?’ असा प्रश्न कुणी विचारला नाही, तर अर्धंच खरं लोकांपर्यंत पोचतं.

दुसऱ्या बाजूनेही सावध राहावं लागतं. २०२०मध्ये भारताचे २३.९ टक्के आणि अमेरिकेचे तीसहून अधिक टक्के शेजारीशेजारी ठेवणारे तक्ते मोबाइलवर फिरत होते. अमेरिकेत तिमाहीतली घट वर्षभर याच वेगाने चालली तर किती होईल, असा हिशेब करून आकडा सांगतात. आदल्या तिमाहीपेक्षा प्रत्यक्ष घट साधारण नऊ टक्के होती. आपला आकडा आदल्या वर्षाशी तुलना करतो. ही दोन वेगळी मापं आहेत, त्यामुळे ती एका तक्त्यात मांडणारा कुठल्याही बाजूचा असला तरी वाचकाची दिशाभूल करतो.

## वीस लाख कोटींचा हिशेब

आता मुख्य उदाहरणाकडे येऊ. १२ मे २०२०ला पंतप्रधानांनी २० लाख कोटी रुपयांचं, म्हणजे जीडीपीच्या सुमारे १० टक्क्यांचं, आत्मनिर्भर भारत पॅकेज जाहीर केलं. पुढचे पाच दिवस अर्थमंत्र्यांनी पत्रकार परिषदा घेऊन त्याचा तपशील मांडला. शेवटी बेरीज झाली २०,९७,०५३ कोटी.

१८ मे रोजी माजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी वेगळा आकडा मांडला. ते तेव्हा महाराष्ट्रातून राज्यसभेवर निवडून गेलेले होते. त्यांच्या हिशेबाने सरकारच्या तिजोरीतून होणारा प्रत्यक्ष नवा खर्च होता १,८६,६५० कोटी, म्हणजे जीडीपीच्या ०.९१ टक्के.

एक म्हणतो दहा टक्के, दुसरा म्हणतो एक टक्काही नाही. मग दोघांतला कोण खोटं बोलतो?

समजा, शेजारच्या वाण्याचं दुकान जळालं. तुम्ही चारचौघांत सांगितलंत, ‘मी त्याला एक लाखाची मदत केली.’ त्यातले दहा हजार तुम्ही रोख त्याच्या हातावर ठेवले. साठ हजारांच्या कर्जाला पतसंस्थेत जामीन राहिलात. उरलेले तीस हजार तुम्ही त्याला महिन्याभरापूर्वीच दिले होते, तेही या लाखात धरले. यात खोटं काहीच नाही. जामीन राहणं ही मदतच आहे, कारण तुमच्या सहीशिवाय पतसंस्थेने त्याला दारातही उभं केलं नसतं. पण तुमच्या खिशातून आज किती गेले, असं कुणी विचारलं तर उत्तर दहा हजार हेच आहे. आणि वाण्याच्या बाजूने पाहिलं तर त्या साठ हजारांचे हप्ते त्यालाच फेडायचे आहेत.

पॅकेजची बांधणी साधारण अशीच होती. एकूण रकमेतले ८,०१,६०३ कोटी, म्हणजे सुमारे ३८ टक्के, रिझर्व्ह बँकेने बँकांना उपलब्ध करून दिलेला पैसा होता. यातला मोठा भाग पॅकेजच्या घोषणेआधीचा. १,९२,८०० कोटी मार्चपासून जाहीर झालेल्या आधीच्या उपायांचे. ३ लाख कोटी लहान उद्योगांच्या विनातारण कर्जासाठीची हमी. २ लाख कोटी किसान क्रेडिट कार्डावरून शेतकऱ्यांना सवलतीचं कर्ज. ९० हजार कोटी वीज वितरण कंपन्यांना कर्जाऊ. थेट खर्चाची कलमं यामानाने लहान होती. मनरेगाला जादा ४० हजार कोटी आणि स्थलांतरित मजुरांच्या धान्यासाठी साडेतीन हजार कोटी, ही त्यातली ठळक.

सरकारची बाजूही नीट ऐकायला हवी. टाळेबंदीत दुकानंच बंद असताना लोकांच्या हातात पैसे दिले तरी ते खर्च कुठे करणार? त्यापेक्षा धंदे बुडू न देणं महत्त्वाचं, आणि बँका घाबरलेल्या असताना सरकारी हमीशिवाय कर्ज कोण देणार? शिवाय महामारी किती लांबेल हे माहीत नसताना सगळा दारूगोळा पहिल्याच महिन्यात संपवणं शहाणपणाचं नाही. हे सगळे मुद्दे वजनदार आहेत. उलट बाजूचं म्हणणं असं की ज्याची मजुरीच गेली त्याला कर्जाचा काय उपयोग, आणि गिऱ्हाईकच नसेल तर दुकानदार तरी कर्ज कशाला घेईल? अर्थतज्ज्ञांमध्येही यावर एकमत नव्हतं.

पण धोरणावर मतभेद असले तरी एक प्रश्न उरतोच. या २० लाख कोटींपैकी यंदाच्या अर्थसंकल्पातून प्रत्यक्ष किती खर्च होणार आहे? याचं उत्तर मतावर अवलंबून नाही. ती एक संख्या आहे, आणि ती खात्रीने फक्त अर्थ मंत्रालय सांगू शकतं. विरोधी पक्षाच्या प्रश्नाचा याहून चांगला नमुना मला सापडत नाही.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर हिशेब अर्धवट राहील. फेब्रुवारी २०२१च्या अर्थसंकल्पात सुधारित आकडे आले. वित्तीय तूट, म्हणजे कर्ज सोडून सरकारची जमा आणि एकूण खर्च यांतला फरक, जीडीपीच्या साडेतीन टक्क्यांच्या अंदाजावरून साडेनऊ टक्क्यांवर गेली होती. करांचं उत्पन्न घटलं होतं आणि खर्चही वाढला होता, दोन्ही खरं. अन्न अनुदानाचा आकडा सुमारे १.१६ लाख कोटींवरून ४.२२ लाख कोटींवर गेला होता. त्यात मोफत धान्याचा खर्च होताच. पण सरकारसाठी धान्य खरेदी करणाऱ्या अन्न महामंडळाच्या नावावर घेतलेलं जुनं कर्ज सरकारने स्वतःच्या हिशेबात घेतलं, हेही त्यामागचं मोठं कारण होतं. अर्थसंकल्पाबाहेर ठेवलेल्या या कर्जांवर सरकारी हिशेब तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी (कॅग) आधीच बोट ठेवलं होतं आणि विरोधकही त्यावरून विचारत होते. ते कर्ज हिशेबात आलं, याचं श्रेय अर्थमंत्र्यांनाही द्यायला हवं.

## प्रश्न विचारण्याची साधनं

पत्रकार परिषदेत किंवा सभेत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याचं बंधन सरकारवर नसतं. सभागृहात ते असतं आणि दिलेलं उत्तर कायमचं नोंदलं जातं. चुकीची माहिती दिली तर मंत्र्यावर हक्कभंगाची सूचना येऊ शकते.

लोकसभेत कामकाजाचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो, राज्यसभेत तो दुपारी बाराला. तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून तोंडी उत्तर देतात. लोकसभेत असे वीस प्रश्न रोजच्या यादीत असतात. त्यावर सभासद लगेच उपप्रश्न विचारू शकतो, आणि खरी कसोटी इथेच लागते. लेखी उत्तर खात्याचे अधिकारी तयार करतात, उपप्रश्नाला मात्र मंत्र्यांना स्वतःला विषय माहीत असावा लागतो. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं आणि तिथे उपप्रश्न नसतो.

याखेरीज आपल्या विधानसभेत गाजते ती लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधून त्याच्याकडून निवेदन मागणं. अर्थसंकल्पातल्या एखाद्या खात्याच्या मागणीवर कपात सूचना, म्हणजे मागितलेली रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव, देऊन त्या खात्याच्या धोरणावर चर्चा घडवता येते. आणि लोकलेखा समिती झालेल्या खर्चाची तपासणी करते. १९६७पासून संसदेच्या या समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. खर्च करणाऱ्याने स्वतःच स्वतःचा हिशेब तपासू नये, एवढं साधं तत्त्व त्यामागे आहे.

२०२०च्या पावसाळी अधिवेशनात, १४ सप्टेंबरपासून, महामारीचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला. १९६२चं चीनयुद्ध आणि आणीबाणी या काळातही तो रद्द झाल्याचे दाखले होते. विरोधकांनी आवाज उठवल्यावर लेखी उत्तरं चालू राहिली, पण उपप्रश्न गेला तो गेलाच. १ ऑक्टोबरपर्यंत चालायचं अधिवेशन २३ सप्टेंबरलाच संपलं. स्वतंत्र भारतातल्या सर्वांत मोठ्या आर्थिक घसरणीचा आकडा येऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. खबरदारी म्हणून बैठका कमी करणं मी समजू शकतो. पण कामकाजातलं नेमकं हेच अंग कापायचं होतं का, याचं समाधानकारक उत्तर मला आजही मिळालेलं नाही.

## ‘नोंद नाही’ हेही उत्तरच

त्याच अधिवेशनात खासदारांनी कामगार मंत्रालयाला लेखी विचारलं, टाळेबंदीत गावाकडे परतताना किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला? उत्तर आलं, अशी नोंद ठेवलेली नाही. आणि नोंदच नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. गावी परतलेल्या मजुरांची संख्या मात्र मिळाली, सुमारे १ कोटी ४ लाख.

काही दिवसांनी राज्यसभेत तृणमूल काँग्रेसचे डेरेक ओब्रायन यांच्या प्रश्नाला रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी लेखी उत्तर दिलं. मजुरांना गावी नेण्यासाठी सोडलेल्या श्रमिक विशेष गाड्यांमध्ये ९ सप्टेंबरपर्यंत ९७ जणांचा मृत्यू झाला होता.

एका मंत्रालयाकडे नोंद नव्हती, दुसऱ्याकडे निदान आपल्या गाड्यांपुरती होती. प्रश्न नेमक्या खात्याला, नेमक्या मर्यादेत विचारला म्हणून ती बाहेर आली. त्या ९७ माणसांची संख्या आज अधिकृत कागदावर आहे ती एका विरोधी खासदाराच्या प्रश्नामुळे. मुंबई-पुण्याहून, भिवंडीहून निघालेल्या लोकांचे लोंढे महामार्गांवरून जाताना आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेत. त्यांच्याबद्दल सरकारी दप्तरात काय उरलं, याचं महत्त्व इथे कुणाला समजावून सांगावं लागू नये.

## ‘संकटात राजकारण कशाला?’

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि त्यामागची भावना प्रामाणिक असते. घरात आजारपण असताना भांडू नये असं आपल्याला वाटतं. पण संकटात सरकारच्या हाती नेहमीपेक्षा जास्त सत्ता आणि जास्त पैसा येतो. निर्णय घाईत होतात, निविदांचे नियम सैल होतात, पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेला जादा खर्च, भराभर मंजूर होतात. चूक होण्याची शक्यता अशाच वेळी वाढते आणि ती दाखवणारी माणसंही कमी झालेली असतात.

विरोधकांनी पाळायची मर्यादा नक्कीच आहे. बँकेत ठेवी बुडणार असल्याची निराधार आवई उठवणं हे मंदीत आगीत तेल ओतणं आहे. लोक घाबरून पैसे काढायला धावले तर धडधाकट बँकही अडचणीत येते. ‘या बँकेची थकीत कर्जं किती?’ असं विचारणं वेगळं आणि ‘तुमचे पैसे गेले’ असं सांगणं वेगळं.

## ‘जगभरच मंदी होती, सरकारचा काय दोष?’

टाळेबंदीच्या तिमाहीत जवळजवळ सगळे मोठे देश घसरले. ब्रिटनचं उत्पादन आदल्या तिमाहीपेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी घटलं होतं. त्यामुळे सगळं खापर इथल्या सरकारवर फोडणं हा अन्याय आहे, हे मान्य.

पण दोष कुणाचा, हा बऱ्याचदा मुख्य प्रश्न नसतोच. संकट बाहेरून आलं तरी त्याला तोंड देण्याची पद्धत इथेच ठरते. टाळेबंदी लावताना मजुरांना किती तासांची मुदत दिली, मदत रोख द्यायची की कर्जाने, कुणाला आधी, राज्यांचा वाटा कधी, हे निर्णय दिल्लीत आणि मुंबईत झाले. विषाणूचा जाब कुणी विचारत नाही, पण या निर्णयांचा विचारता येतो. शिवाय महामारीच्या आधीच वेग मंदावला होता हे २०१९चे आकडे सांगतात, त्यामुळे सगळं काही महामारीवर ढकलणंही बरोबर नाही.

## ‘सत्तेत असताना यांनी काय केलं?’

हा आक्षेप खरा आहे आणि तो सगळ्यांना लागू पडतो. २०२० साल महाराष्ट्रातून पाहिलं तर ते फार स्पष्ट दिसतं. शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस दिल्लीत विरोधात होते, मुंबईत सत्तेत. भाजप दिल्लीत सत्तेत, मुंबईत विरोधात. दिल्लीत काँग्रेसचे नेते केंद्राकडे पॅकेजमधल्या रोख मदतीचा हिशेब मागत होते. इथे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस राज्य सरकारकडे स्वतंत्र पॅकेज मागत होते. संसदेचा प्रश्नोत्तराचा तास गेला म्हणून तिथे काँग्रेस-राष्ट्रवादीचे खासदार नाराज, आणि विधिमंडळाचं अधिवेशन दोन दिवसांत उरकलं म्हणून इथे भाजपचे आमदार नाराज.

याचा अर्थ दोघेही ढोंगी, म्हणून दोघांचंही ऐकू नका, असा काढायचा का? मला तसं वाटत नाही. माणूस ज्या बाकावर बसतो त्या बाकाचं काम त्याच्याकडे येतं. वकिलाने गेल्या खटल्यात उलट बाजू मांडली होती, म्हणून आजचा त्याचा उलटतपास न्यायालय फेटाळत नाही. फडणवीसांचा राज्याला विचारलेला प्रश्न योग्य होता आणि चिदंबरम यांचा केंद्राला विचारलेलाही. आकडा मिळाला की तो सगळ्यांचा होतो.

प्रश्न फक्त विरोधकच विचारतात असंही नाही. १९५७-५८ सालीही उत्पादन आकसलं होतं. सरकारी आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या सव्वा कोटीच्या आसपासच्या रकमेवर तेव्हा लोकसभेत तुटून पडले ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार, फिरोज गांधी. न्यायमूर्ती छागला यांच्या आयोगाने उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावं लागलं.

## ‘विचारून होतं काय?’

बऱ्याचदा लगेच काही होत नाही, हे खरं. पण कधी कधी फार होतं.

वस्तू आणि सेवा कर आला तेव्हा कायद्याने राज्यांना शब्द दिला होता की पाच वर्षं तुमचं या करांचं उत्पन्न दरसाल १४ टक्क्यांनी वाढलं असं धरू आणि कमी पडेल ते भरून देऊ. २०२०मध्ये कर आटला आणि भरपाईही आटली. २७ ऑगस्टच्या जीएसटी परिषदेत एकूण तूट २.३५ लाख कोटी सांगण्यात आली आणि राज्यांनी स्वतः कर्ज काढावं असे दोन पर्याय पुढे आले. केरळ, पंजाब, पश्चिम बंगाल, छत्तीसगड अशा विरोधी पक्षांच्या राज्यांनी ते मान्य केले नाहीत. कायद्यात शब्द केंद्राने दिला होता, मग कर्ज आम्ही का काढायचं, असा त्यांचा सवाल होता. १५ ऑक्टोबरला केंद्राने भूमिका बदलली आणि १.१ लाख कोटींचं कर्ज स्वतः उचलून राज्यांना देण्याचं मान्य केलं. राज्यांना अशाने कमी व्याजात पैसे मिळाले. महाराष्ट्रालाही.

आणखी मागे गेलं तर १९७२ आठवतं. महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला होता, १९७२-७३ साली देशाचं उत्पादनही घटलं होतं, धान्य, तेल, रॉकेल सगळं महागलं होतं. समाजवादी पक्षाच्या मृणाल गोरे त्याच वर्षी विधानसभेवर निवडून आल्या होत्या. त्या सभागृहात सरकारला धारेवर धरत आणि बाहेर कम्युनिस्ट नेत्या अहिल्या रांगणेकरांबरोबर बायकांचे लाटणं मोर्चे काढत. डावे आणि समाजवादी कार्यकर्ते दुष्काळी कामांवरच्या मजुरी-धान्यासाठी झगडत होते. सत्ताधारी बाजूला विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे रोजगार हमीची कल्पना पुढे रेटत होते. मे १९७३मध्ये दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. पुढे १९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला आणि २००५च्या राष्ट्रीय कायद्याला त्याचाच आधार मिळाला. २०२०मध्ये शहरातून परतलेल्या मजुरांसाठी केंद्राने ४० हजार कोटी ज्या मनरेगात ओतले, तिचं मूळ इथलं आहे. नोकरदारांच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपये प्रोफेशनल टॅक्स कापलेला दिसतो, तो १९७५ साली या रोजगार हमीसाठीच लावला गेला.

हे एकट्या विरोधकांचं यश नाही आणि एकट्या सत्ताधाऱ्यांचंही नाही. पागेंची कल्पना सरकारी फायलीत होती आणि रस्त्यावरचा रेटा बाहेर होता. त्यांपैकी एक नसता तर दुसरं बहुधा अडून राहिलं असतं.

## तुमच्या खासदाराने काय विचारलं?

वाहिन्यांवर दिसणारी घोषणाबाजी म्हणजे प्रश्न विचारणं नव्हे. ‘अर्थव्यवस्थेचं वाटोळं झालं’ हे विधान आहे, त्याला उत्तर देता येत नाही. ‘अमुक जिल्ह्यात एप्रिल ते सप्टेंबरमध्ये किती लहान उद्योगांना हमीचं कर्ज मिळालं आणि किती अर्ज नामंजूर झाले?’ याला उत्तर द्यावं लागतं. असा प्रश्न बातमीत क्वचितच येतो, कारण त्यात आरडाओरडा नसतो.

संसदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक खासदाराने विचारलेले प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं ठेवलेली असतात. खासदाराचं नाव, मंत्रालय किंवा विषय टाकून ती शोधता येतात, त्यासाठी पैसे लागत नाहीत. उत्तराच्या कागदावर प्रश्न क्रमांक, तारीख आणि प्रश्नाचे अ, ब, क असे भाग असतात. प्रत्येक भागाला वेगळं उत्तर आलं आहे की सगळ्यांना मिळून एकच गोलमोल परिच्छेद दिला आहे, ते आधी पाहा. ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं उत्तर असेल तर ते आश्वासन ठरतं आणि त्याच्या पूर्ततेवर सभागृहाची शासकीय आश्वासन समिती लक्ष ठेवते. महाराष्ट्र विधिमंडळाच्या कामकाजाचीही अशी नोंद ठेवली जाते.